टरबुजावरचा त्रिकोण

जळगाव,
१२ जानेवारी २०२५

ती. नानांना,
नूतनचा हॉस्टेलच्या पलंगावरूनच वाकून नमस्कार.

"यापुढे मला पत्र लिही, तो मोबाईल मी चुलीत घालतो," असं तुम्ही म्हणालात ते मी मनावर घेतलं. डॉक्टरांसाठी लिहिलेला तुमच्या पोटाचा सविस्तर अहवाल 'भदाणे परिवार' ग्रुपवर पडला ही काही फार मोठी चूक नव्हती. पण त्यावर सुरतच्या जावयांनी अंगठा दाखवायला नको होता, हे मलाही पटतं. इथे मैत्रिणींना विचारलं की पोस्टाची पेटी कुठे असते, तर त्यांनी आधी मला तब्येत बरी आहे ना विचारलं.

एम.एस्सी.चं शेवटचं सत्र सुरू झालं. यात डिफरन्शिअल जॉमेट्री नावाचा पेपर आहे. म्हणजे वाकड्या पृष्ठांची भूमिती. चेंडू, मडकं, घोड्याचं खोगीर, अशा गोष्टींवर रेषा काढल्या तर त्या कशा वागतात, याचा अभ्यास. आमचे विभागप्रमुख प्रेमराज सर वीस वर्षं हा पेपर शिकवत आलेत. शिकवतात म्हणजे पिवळ्या पडलेल्या वहीतून सांगतात आणि मुलं उतरवून घेतात. मागे एका मुलीने विचारलं, "सर, याची आकृती कशी दिसेल?" सर म्हणाले, "आकृतीला मार्क नसतात." वाकड्या पृष्ठांची भूमिती आमच्या कॉलेजात वीस वर्षं एकही वाकडी रेघ न काढता शिकवली गेली आणि निकाल दरवर्षी शंभर टक्के लागला.

यंदा सर मूल्यांकनाच्या फायलींत अडकलेत, म्हणून हा पेपर मिसबाह मॅडमकडे आला. त्या तासिका तत्त्वावर आहेत, म्हणजे तास असतील तोवर बाई, नाहीतर हातात नारळ. पहिल्या दिवशी त्या पिशवीतून चेंडू घेऊन आल्या आणि म्हणाल्या, यावर त्रिकोण काढा आणि कोनांची बेरीज सांगा. आम्ही सगळे न काढताच एकशे ऐंशी म्हणालो. मग मॅडमनी दाखवला तसा, चेंडूच्या माथ्यापासून पोटापर्यंत, काढला. बेरीज दोनशे सत्तर आली. नाना, मला वर्गात हसूच फुटलं, इतका आनंद झाला. आणि लगेच तुमची आठवण झाली.

माझा प्रकल्पही मॅडमकडेच आहे. तो वेळेत झाला तर पुढे संशोधनासाठी अर्ज करता येईल. आप्पा तुमचेच धाकटे भाऊ, त्यांचं तुम्ही जाणताच. तुमच्या शब्दाखातर त्यांनी मला इथवर शिकू दिलं, पण वर्ष वाया गेलं तर पारोळ्याला परत आणि पाहुणे बघायला यायला सुरुवात. म्हणून सध्या जेवणसुद्धा पुस्तक उघडं ठेवून चाललंय.

काकूंना सांगा, बिबडे संपले. मेसच्या पापडाला ती चव नाही.

नूतन

*

धुळे,
१९ जानेवारी २०२५

चि. नूतनला आशीर्वाद. कान धरायचा हक्क राखून.

पत्र वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. दोनशे सत्तर?

मी चौतीस वर्षं भूमिती शिकवली. धुळ्यातले निम्मे डॉक्टर, बहुतेक सगळे कंत्राटदार आणि एक आमदार माझ्या हाताखालून गेले. या काळात सरकारं बदलली, अभ्यासक्रम बदलला, पाठ्यपुस्तकं जाड झाली आणि पुन्हा पातळ झाली. त्रिकोणाची बेरीज बदलली नाही. आमदारांचीसुद्धा माझ्या वर्गात एकशे ऐंशीच्या वर जायची हिंमत झाली नाही. पुढे गेली असेल तर ती माझी जबाबदारी नाही.

आता नीट बघ. पक्ष: तू भोळी आहेस. साध्य: तुला कुणीतरी बनवतंय. सिद्धता: चेंडूवर जे काढलं त्याला त्रिकोण म्हणत नाहीत, फुगलेली आकृती म्हणतात. पुरी फुगली म्हणून पीठ वाढलं असं तुझी काकू कधी म्हणाली का? हेच सिद्ध करायचे होते.

मॅडम तरुण दिसतात. तरुण माणसाला जुनं मोडायची हौस असते. आज त्रिकोण सुटला, उद्या वर्तुळ म्हणेल मी तरी का गोल राहू. आपण अशा घरातले नाही. एकशे ऐंशी लिही, पास हो, बी.एड. कर. पारोळ्याला तुझ्या आप्पाला मी सांगून ठेवलंय की पोरीचं डोकं भूमितीत माझ्यावर गेलंय. मला तोंडघशी पाडू नकोस.

बिबडे पाठवले आहेत. तेही सपाटच असतात, हे ध्यानात घे.

योगराज नाना

*

जळगाव,
२७ जानेवारी २०२५

ती. नाना,

बिबडे पोचले. खोलीतल्या सगळ्याजणींनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय. तळल्यावर ते वाकडे होतात, हे कळवायचं होतं.

तुमची बेरीज कुणी मोडीत काढलेली नाही. फळ्यावर, कागदावर, वावरात ती एकशे ऐंशीच आहे आणि राहील. तुम्ही शिकवलंत ते खरंच होतं, फक्त ते कुठल्या पृष्ठावर खरं आहे एवढं सांगायचं राहिलं. वाकड्या पृष्ठावर सरळ रेषा म्हणजे त्यावर ताणून धरलेली दोरी. मुंगी त्या दोरीवरून चालली तर तिला आपण कुठे वळलो असं वाटणार नाही. अशा तीन दोऱ्यांनी जो बनतो तो त्रिकोणच, आणि त्याची बेरीज एकशे ऐंशीच्या जितकी वर जाईल तितकं पृष्ठ फुगलेलं. मॅडम म्हणतात, पृष्ठ सोडून बाहेर न जाता, नुसते कोन मोजून कळतं की आपण सपाट जगात राहतो की वाकड्या. मला हे इतकं आवडलं की रडू आलं. तुम्हाला हे हसण्यासारखं वाटेल, पण आलं.

बाजारात टरबूज आलं की एक आणा. देठापासून पोटापर्यंत दोरी ताणा, पोटावरून पाव फेरा घ्या, परत देठाला या. तिन्ही कोपऱ्यांत कंपासपेटीतला गुण्या लावून बघा. मग मला रागवा.

नूतन

*

प्रति,
मा. प्राचार्यसाहेब,
जळगाव.

विषय: आपल्या महाविद्यालयात त्रिकोणाचा चालू असलेला अपमान.

महोदय,

पक्ष: आपल्या गणित विभागात तासिका तत्त्वावरील एक अध्यापिका त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोनशे सत्तर अंश असल्याचे विद्यार्थ्यांना सांगत आहेत.

साध्य: हे शिक्षण नसून दिशाभूल आहे.

सिद्धता: जी बेरीज पिढ्यान्‌पिढ्या एकशे ऐंशी होती ती एका सत्रात नव्वद अंशांनी कशी वाढली? महागाईसुद्धा इतक्या वेगाने वाढत नाही. शाळेत एक व कॉलेजात दुसरे सांगितले, तर शाळेतील गुरुजन खोटे ठरतात व विद्यार्थी त्यांच्याकडे कीव करून बघू लागतात. 'तुमची पाटी सपाट होती' असा सूर घरातील लेकरांच्या पत्रांतून उमटू लागला आहे. सबब योग्य ती कारवाई व्हावी.

हेच सिद्ध करायचे होते.

आपला,
एक जागरूक पालक
३ फेब्रुवारी २०२५

*

धुळे,
६ फेब्रुवारी २०२५

चि. नूतन,

टरबूज अजून चांगलं आलेलं नाही, म्हणून प्रयोग लांबणीवर आहे.

तुझ्या मॅडमना जरा सांभाळून राहायला सांग. काळ बरा नाही. कुणाला कशावरून काय वाटेल सांगता येत नाही. मी आपलं सहज लिहिलं.

तुझी काकू विचारते, सर्दी बरी झाली का.

नाना

*

जळगाव,
२० फेब्रुवारी २०२५

ती. नाना,

सर्दी बरी आहे. बाकी काही बरं नाही.

प्राचार्यांकडे मॅडमविरुद्ध तक्रार आली. खाली सही 'एक जागरूक पालक'. निनावी तक्रारीची दखल घ्यायची नाही असा नियम आहे म्हणे, पण ही इतक्या सुवाच्य अक्षरात आहे की साहेबांना टाकवेना. त्यांनी तथ्यशोधन समिती नेमली. अध्यक्ष मराठीचे प्राध्यापक, एक सदस्य वाणिज्यचे, एक क्रीडा संचालक. गणिताचं कुणीच नाही, कारण गणिताचा माणूस त्रिकोणाच्या बाबतीत पक्षपाती असू शकतो.

परवा मला साक्षीला बोलावलं. अध्यक्षांनी तक्रार वाचून दाखवली, दोन ठिकाणी शुद्धलेखनाचं कौतुक केलं आणि विचारलं, "बेरीज वाढवताना मॅडमनी तुमच्यावर काही दबाव आणला का?" क्रीडा संचालकांना चेंडू कॉलेजच्या भांडारातला होता की खासगी, एवढंच हवं होतं. मॅडम बाहेर बाकावर बसल्या होत्या. त्यांनी तीन वर्षं एम.एस्सी.च्या मुलांना शिकवलंय, आणि बाहेर बसून त्या पुढच्या आठवड्याच्या तासाची तयारी करत होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

प्रेमराज सर म्हणाले, "म्हणून मी आकृती काढत नाही."

मॅडमचे तास काढले तर माझा प्रकल्प रद्द होतो, सत्र अडकतं आणि वर्ष जातं. ते गेलं की काय होणार हे मी पहिल्या पत्रात लिहिलंच होतं. आप्पांनी परवाच फोनवर विचारलं, पहूरची मंडळी येऊ म्हणतायत, मार्चमध्ये बोलवू का.

समितीला बाहेरचा विषयतज्ज्ञ हवा आहे. मी म्हटलं, धुळ्यात एक आहेत, चौतीस वर्षांचा अनुभव, अक्षरही चांगलं. तुम्हाला पत्र येईल.

तो जागरूक पालक कोण असेल, नाना? तुम्हाला काही सुचतं का?

नूतन

*

धुळे,
८ मार्च २०२५

चि. नूतन,

समितीचं पत्र आलं. 'मान्यवर विषयतज्ज्ञ' असं छापील अक्षरात आहे. तुझ्या काकूने ते देवाजवळ ठेवलं. बाराला मी जळगावला येतोय.

तक्रारदाराबद्दल विचारलंस. कोण असेल सांगता येत नाही. असेल कुणी सद्हेतूने लिहिणारा. शुद्धलेखनाचं कौतुक केलं म्हणतेस? मोघम की काही विशिष्ट शब्दाचं?

तज्ज्ञाने पुराव्याशिवाय बोलू नये, म्हणून मी टरबूज आणलं. तू सांगितलंस तशी दोरी ताणली, गुण्या लावला. पहिला कोपरा काटकोन. दुसरा काटकोन. देठाजवळ गुण्या लावला तर तोही चपखल बसला. मी म्हटलं, फळ नासकं असणार. दुसरं आणलं. तेही तसंच. मग लांबोडकं आणलं, की गोलपणाचा दोष जाईल. गेला नाही. आठवडाभर घरात टरबुजाशिवाय काही नाही. शेवटी तुझी काकू म्हणाली, "हाई टरबूज खावानं शे का तपासानं? गल्लीनी बठ्ठी पोरं दारमां उभी शेत." मी कापून टाकलं. कापलेल्या फोडीची साल हातात घेतली तर तिची तिन्ही टोकं माझ्याकडे बघत होती, प्रत्येक नव्वद अंशांनी.

मग धनसिंगकडे गेलो. भूगोलाचे धनसिंग सर, तू लहानपणी त्यांच्या मिशीला घाबरायचीस. निवृत्तीच्या दिवशी शाळेने त्याला जुना पृथ्वीगोल दिला होता, तो त्याने टीव्हीवर ठेवलाय. मी म्हटलं, बेरीज एकशे ऐंशीच, सांग तू. तो गोल फिरवत म्हणाला, "रेखावृत्त विषुववृत्तले कसं भेटस? काटकोनमां ना? मंग दोन काटकोनमां तुन्हा एकशे ऐंशी सरनात. वर ध्रुवना कोन कोठे ठेवशी?" माझे एकशे ऐंशी खाली विषुववृत्तावरच संपले, ध्रुवावरचा कोन शिल्लक.

नूतन, हा माणूस आणि मी चौतीस वर्षं एकाच वर्गावर होतो. तो तिसऱ्या तासाला, मी चौथ्या. तिसऱ्या तासाला पोरं त्याच्या गोलावर दोनशे सत्तरचा त्रिकोण बघायची, चौथ्याला माझ्याकडे एकशे ऐंशी लिहायची, आणि मधल्या पाच मिनिटांत आम्ही दोघं फळा कुणी पुसायचा यावर भांडायचो. एकाही पोराने विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय केलं असतं ते मला माहीत आहे, आणि पोरांनाही माहीत होतं, म्हणून नाही विचारलं.

बारा तारखेला बघू. मी खरं तेच सांगीन. एक टरबूज सोबत आणतोय.

नाना

*

तथ्यशोधन समितीचा अहवाल
१५ मार्च २०२५

समितीने त्रिकोण या विषयावर तीन बैठका घेतल्या. त्रिकोणास तीन बाजू असल्याबाबत सदस्यांत एकमत झाले. उर्वरित बाबींवर धुळे येथील विषयतज्ज्ञ श्री. भदाणे यांना पाचारण करण्यात आले.

श्री. भदाणे यांनी टरबुजावर दोरी व गुण्या यांच्या साहाय्याने प्रात्यक्षिक करून, संबंधित अध्यापिकेचे म्हणणे बरोबर आहे असे निःसंदिग्ध मत दिले. बेरीज दोनशे सत्तर आल्याचे सर्व सदस्यांनी समक्ष पाहिले. तथापि बैठकीची लांबी व उन्हाचा तडाखा पाहता सदर टरबूज सदस्यांनी सेवन केल्याने पुरावा नस्तीला जोडता आला नाही. बिया जोडल्या आहेत.

क्रीडा संचालकांनी असे नमूद केले की महाविद्यालयाच्या भांडारातील एकाही चेंडूवर त्रिकोण नाही.

सबब समिती असा निष्कर्ष काढते की चालू शैक्षणिक वर्षापुरती बेरीज एकशे ऐंशी मानण्यात यावी. त्यावरील जादा अंश शिकवायचे असल्यास विभागप्रमुखांची पूर्वपरवानगी घ्यावी.

तक्रारीबाबत: तज्ज्ञांनी अध्यापिकेच्या बाजूने मत दिले असले तरी तक्रार दाखल झालेली असल्याने ती आपोआप संपत नाही. तक्रारदाराने स्वतः हजर राहून, स्वतःच्या नावाने ती लेखी मागे घेतल्यास प्रकरण बंद करता येईल. शनिवार दि. २२ मार्चपर्यंत तसे न झाल्यास श्रीमती मिसबाह यांच्या तासिका थांबवाव्यात व त्यांच्याकडील प्रकल्प पुढील वर्षी नव्याने नोंदवावेत.

*

जळगाव,
१७ मार्च २०२५
(स्पीड पोस्टाने)

ती. नाना,

अहवालाची नक्कल सोबत आहे. वाचून हसायला आलं तर हसा. मी दोन दिवस हसले, आता येत नाही.

तुम्ही त्या दिवशी समितीसमोर जे केलंत ते मी दारातून बघत होते. गुण्या बाजूला ठेवून "बाई बरोबर आहेत" हे तुम्ही असं म्हणालात की क्रीडा संचालकांनी तोंडातली फोड गिळली. मॅडमनी मला नंतर विचारलं, हे सर तुझे कोण? मी म्हटलं, काका. त्या म्हणाल्या, नशीबवान आहेस.

नाना, तक्रारीत पक्ष, साध्य, सिद्धता मांडून शेवटी 'हेच सिद्ध करायचे होते' लिहिणारा जागरूक पालक अख्ख्या खान्देशात एकच आहे. अध्यक्ष वाचत होते आणि मला तुमचा आवाज ऐकू येत होता. 'पाटी सपाट' असं मी पत्रात कधीच लिहिलं नव्हतं. पण माझ्या पत्रातून तुम्हाला तेच ऐकू आलं आणि लागलं, हे मला तेव्हा कळलं. मला तुमचा फार राग आला. तुम्हीच मला पहिला कोनमापक दिलात, आणि तुम्हीच हे केलंत. तरी मी तुमचं नाव समितीला सुचवलं, कारण तुम्ही स्वतः मोजून बघितल्यावर खोटं बोलणार नाही, याची मला खात्री होती.

तुम्ही बोललात खरं. पण ते विषयतज्ज्ञ बोलले. आता जागरूक पालकाची वेळ आहे.

प्राचार्यांच्या दारावर तुमचे दोन विद्यार्थी क्लार्क आहेत, हे मला माहीत आहे. तुम्हाला तिथे नाव लिहून द्यायला किती जड जाईल तेही माहीत आहे. मी मागत नाही. फक्त शनिवार कधी आहे ते कळवलं.

नूतन

*

प्रति,
मा. प्राचार्यसाहेब, जळगाव.

विषय: तक्रार मागे घेण्याबाबत नव्हे, विधान पूर्ण करण्याबाबत.

महोदय,

पक्ष: दि. ३ फेब्रुवारीची 'एक जागरूक पालक' या नावाची तक्रार खाली सही करणाऱ्याने लिहिली आहे. तोच दि. १२ मार्च रोजी विषयतज्ज्ञ म्हणून आपल्या समितीसमोर हजर होता. म्हणजे तक्रार करणारा आणि ती खोटी ठरवणारा माणूस एकच. दोघांचेही प्रवासभाडे मी घेतलेले नाही.

साध्य: श्रीमती मिसबाह यांनी शिकवले ते बरोबर आहे.

सिद्धता: त्रिकोणाच्या कोनांची बेरीज एकशे ऐंशी असते, हे विधान सपाट पृष्ठापुरते आहे. सपाट पृष्ठाचा उल्लेख करायचे माझ्याकडून चौतीस वर्षे राहून गेले. पक्ष अपुरा लिहिला तर पुढची सिद्धता कितीही सुंदर असो, मी मुलांना शून्य देत आलो. तेच मी आता माझ्या स्वतःच्या उत्तराला देत आहे.

समितीने चालू वर्षापुरती बेरीज ठरवून दिली, त्याबद्दल आभार. परंतु हे काम समितीचे नाही. टरबुजाचेही नाही, पण टरबूज निदान खोटे बोलत नाही.

आपल्या कार्यालयातील श्री. समाधान व श्री. फैसल हे माझे विद्यार्थी आहेत. हा अर्ज त्यांनी मोठ्याने वाचावा, अशी विनंती आहे. वर्गात चूक झाली तर ती वर्गासमोरच दुरुस्त करायची असते, असे मीच त्यांना सांगितले होते.

योगराज वनाजी भदाणे
सेवानिवृत्त मुख्याध्यापक, धुळे
२१ मार्च २०२५

*

जळगाव,
२४ मार्च २०२५

ती. नाना,

मॅडमचे तास राहिले. माझा प्रकल्पही.

फैसलदादा सांगत होता, समाधानदादाने अर्ज वाचायला घेतला, पण शून्यापाशी आल्यावर त्याने कागद तुमच्या हातात दिला, मग उरलेला तुम्ही स्वतः वाचलात. प्राचार्य म्हणाले, "सर, बसा ना," तर तुम्ही म्हणालात, "उत्तर उभं राहूनच देतात." मग एस.टी.ने परत निघालात आणि मध्ये पारोळ्याला उतरलात, हे आप्पांच्या फोनवरून कळलं. पहूरच्या मंडळींना नको म्हणून कळवलंय, एवढंच ते म्हणाले. तुम्ही त्यांना काय सांगितलंत ते काही त्यांनी सांगितलं नाही. मात्र फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "ते टरबुजाचं खरं आहे का गं?"

मला तुमचा राग आता नाही. मॅडमना मी सांगितलं, की तक्रार करणारे तेच काका. त्यांनी आधी हातातली वही मिटली. मग म्हणाल्या, त्यांना विचार, खोगीरावर बेरीज एकशे ऐंशीपेक्षा कमी येते, ते बघायचं का.

नूतन

*

धुळे,
२७ जुलै २०२५

चि. नूतन हिस,
आशीर्वाद. कान धरायचा हक्क मी सोडलाय.

संशोधनासाठी तुझी मद्रासच्या संस्थेत झालेली निवड तुझ्या आप्पाने ग्रुपवर टाकली, आणि सुरतच्या जावयांनी अंगठा दाखवला. या वेळी मी त्यांना माफ केलं. मंगळवारी तुझी गाडी. त्याआधी रविवारी, तीन तारखेला, आपल्याकडे कानबाई देवी बसते. तू शनिवारीच ये.

खोगीर मिळालं नाही. मॅडमना सांग, धनसिंगच्या नातवाच्या सायकलीची सीट चालली. कमीच भरली. बिबड्यांचा एक डबा त्यांच्यासाठी वेगळा बांधलाय, तो नेऊन दे. मी स्वतः जाणार होतो, पण त्यांच्यासमोर उभं राहायला अजून एखादं वर्ष लागेल.

एक गोष्ट सांगायची आहे. कानबाईच्या नैवेद्याच्या रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात, हे तू लहानपणापासून बघतेस. थोरला म्हणून ते माझ्या हाताने निघतात. तुला आठवतं का, सातवीत असताना तू विचारलं होतंस, माझी मूठ कुठे? मी म्हणालो होतो, नियम आहे, पाठ कर.

यंदा सगळ्यांच्या नावाने काढून झाल्यावर मी आणखी एकदा हात घातला. भिकुबाई अक्का, घरातली सगळ्यांत म्हातारी, तिथेच बसलेली. म्हणाली, "ही मूठ कोनी शे?" मी म्हटलं, नूतनची. अक्का म्हणाली, "पोर ते परक्या घरनी. सिद्ध कर बरं." बघ, या वयात अक्काला सिद्धता मागायचं सुचलं, हा माझ्याच शिकवण्याचा परिणाम.

या वेळी मी सिद्धता मांडली नाही. पक्ष नाही, साध्य नाही. मी म्हटलं, अक्का, तो नियम लिहिला तेव्हा कुणीतरी काहीतरी लिहायचं विसरलं असेल. मीही विसरलो होतो. आणि मूठ सुपात टाकली. सूप अक्कानेच पाखडलं.

गहू धुऊन गच्चीवर वाळत घातलेत. चिमण्या कुणाची मूठ कुठली ते बघत नाहीत, म्हणून हातात काठी घेऊन मीच बसलोय. तेव्हा पत्र इथेच थांबवतो.

नाना